व्यायामाचं वेळापत्रक सगळ्यात ओढाताणीच्या आठवड्यावर बेता

व्यायामाचं वेळापत्रक आखायला बसलं की हात सैल सुटतो. आठवड्याचे सहा दिवस, पहाटे साडेपाच, रोज एक तास. पण हे वेळापत्रक ज्या आठवड्यासाठी असतं, तो आठवडा क्वचितच येतो. घरात कुणी आजारी पडतं, काम लांबतं, झोप अपुरी होते, प्रवास निघतो. दोन दिवस चुकतात, तिसऱ्या दिवशी अपराधी वाटतं, चौथ्या दिवसापासून विषय बंद. यात आळसाचा वाटा थोडा आणि आखणीतल्या चुकीचा मोठा असतो. म्हणून पुढची सगळी मांडणी एका धोरणावर आहे: गेल्या दोन-तीन महिन्यांतला तुमचा सगळ्यात ओढाताणीचा आठवडा आठवा आणि त्या आठवड्यातही जमला असता तेवढाच व्यायाम पाया म्हणून धरा. बऱ्या आठवड्यात त्यावर भर घालता येते.

आधी तब्येतीचं बघून घ्या

साधं चालणं सुरू करायला बहुतेकांना डॉक्टरांची परवानगी लागत नाही. पण श्रम केल्यावर छातीत दुखत किंवा आवळल्यासारखं होत असेल, चक्कर किंवा भोवळ येत असेल, विनाकारण धाप लागत असेल, हृदयाचा आजार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, गरोदरपण असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. आणि फक्त ‘व्यायाम करू का?’ एवढंच विचारू नका. ‘भरभर चालू का, वजन उचलू का, कुठल्या हालचाली टाळू?’ असं नेमकं विचारलं तर उत्तरही नेमकं मिळतं.

औषधांच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. बीटा ब्लॉकर गटातल्या (रक्तदाब किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या) गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, त्यामुळे घड्याळावरचा नाडीचा आकडा बघून व्यायामाचा जोर ठरवू नका. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर व्यायामात आणि नंतर काही तास साखर एकदम खाली जाऊ शकते. सुरुवातीला व्यायामाआधी आणि नंतर साखर तपासा, काहीतरी गोड जवळ ठेवा आणि डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारा.

पहिला आठवडा फक्त मोजमापाचा

या आठवड्यात कार्यक्रम सुरू करायचा नाही. एका वहीत चार आकडे लिहायचे.

खुर्चीवर बसा, हातांची छातीवर घडी घाला आणि 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. मग भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि दोन्ही बाजूंचे सेकंद लिहा. टेबलाच्या कडेवर हात टेकवून, अंग सरळ ठेवून, किती पुश-अप नीट होतात ते बघा. शेवटी सपाट रस्त्यावर 10 मिनिटं भरभर चाला आणि कुठपर्यंत पोहोचलात ती खूण लिहून ठेवा. हे आकडे कुणाशी तुलना करायला नाहीत. बारा आठवड्यांनी स्वतःची प्रगती याच आकड्यांवर कळणार आहे, आणि वजनकाट्यापेक्षा ते जास्त खरं बोलतात.

याच आठवड्यात रोज रात्री एक ओळ लिहा: आज कुठली वीस मिनिटं खरोखर मोकळी होती, आणि त्या वेळी अंगात किती त्राण होतं. सात ओळी झाल्या की व्यायामाची वेळ बहुतेक आपोआप दिसते. पुष्कळांना तेव्हा कळतं की ज्या पहाटेच्या भरवशावर ते होते, ती पहाट त्यांची कधी नव्हतीच.

किती व्यायाम पुरतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा, शिवाय किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. 65 वर्षांपुढच्यांनी आठवड्यातले तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. एका वेळी सलग 10 मिनिटं तरी हवीत, ही जुनी अट या सूचनांमध्ये उरलेली नाही. पाच-पाच मिनिटांचे तुकडेही धरले जातात.

मध्यम म्हणजे किती, हे ओळखायला बोलून बघा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, तर जोरकस. गाता येत असेल, तर ती रमतगमत चाल झाली. ती तब्येतीला चांगलीच आहे, पण या 150 मिनिटांत धरू नका. मोजायचंच असेल, तर मिनिटाला सुमारे 100 पावलं ही बहुतेक प्रौढांसाठी मध्यम चालीची खूण आहे.

‘220 वजा वय’ या सूत्राने येणारी कमाल नाडी ही सरासरी आहे. एखाद्याच्या बाबतीत ती दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होते, म्हणून त्या आकड्यामागे धावण्यापेक्षा बोलून बघणं जास्त कामाचं. रोजच्या 10,000 पावलांचंही तसंच आहे. हा आकडा 1960च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे पसरला. त्याहून कमी पावलांनीही फायदा होतो, आणि सध्या 3,000 चालणाऱ्याला 5,000 पर्यंत जाणं हीच मोठी मजल आहे.

150 मिनिटं हे तिसऱ्या महिन्याचं ठिकाण समजा. पहिल्याच आठवड्यात तिथे उडी मारायला जाऊ नका.

प्रकार निवडताना

आवडीचा व्यायाम निवडा, हा सल्ला सगळे देतात. पण ज्याने वर्षानुवर्षं काही केलेलं नाही, त्याला आवड कुठून ठाऊक असणार? त्यामुळे आधी नको ते गाळा, मग उरलेलं करून बघा.

पहिली गाळणी वेळेची. व्यायामाचा खरा खर्च दारातून दारापर्यंतचा असतो. जिममधली 40 मिनिटं म्हणजे कपडे, जाणं, मोकळं यंत्र मिळण्याची वाट, येणं, आंघोळ मिळून सव्वा ते दीड तास. आठवड्यातून तीनदा दीड तास निघत नसेल, तर जिम कितीही चांगली असली तरी ती तुमच्या आखणीचा पाया होऊ शकत नाही. दुसरी गाळणी शरीराची. गुडघे दुखत असतील किंवा वजन बरंच जास्त असेल, तर धावण्यापेक्षा सायकल, पोहणं किंवा सपाट रस्त्यावरचं चालणं बरं. तिसरी स्वभावाची, आणि हिच्याकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. माणसांत राहून ज्याला हुरूप येतो, त्याने एकट्याने घरात व्हिडिओ लावून व्यायाम करायचं ठरवलं की तो महिन्याभरात कंटाळतो. दिवसभर माणसांत राहून थकणाऱ्याला मात्र तीच एकांतातली वीस मिनिटं हवीहवीशी वाटतात. बॅडमिंटन, टेबल टेनिस यांसारखे खेळ ज्यांना व्यायामाचं नावही नको असतं त्यांना छान लागू पडतात, पण जोडीदार नसला की खेळ बंद. म्हणून खेळ निवडलात तर एकट्याने करायचा एक पर्यायही ठरवून ठेवा.

गाळून उरलेले दोन प्रकार दोन-दोन आठवडे करून बघा. निकाल पहिल्या दिवशी लावू नका. पहिले तीन-चार दिवस नवखेपणाचा त्रास असतो, प्रकाराचा खरा अनुभव पाचव्या-सहाव्या वेळी येतो. आणि करताना मजा आली का, यापेक्षा संपल्यावर अर्ध्या तासाने कसं वाटलं ते लिहा. करताना कुरकुर आणि नंतर हलकं वाटणं, ही टिकणाऱ्या व्यायामाची चांगली खूण आहे.

काहीच ठरत नसेल तर आमचं स्पष्ट मत: आठवड्यातून तीन-चार दिवस भरभर चालणं आणि दोन दिवस घरच्या घरी ताकदीचा व्यायाम. नुसत्या चालण्याने हात, पाठ आणि मांड्यांची ताकद राखली जात नाही. संथ योगासनांनी लवचिकता आणि तोल सुधारतो, पण हृदय आणि फुप्फुसांना पुरेसं काम मिळेलच असं नाही. एकात दुसऱ्याची भर घातली की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

वेळ घड्याळावर न ठेवता कामाला जोडा

‘सात वाजता’ असं ठरवलं की सात वाजून दहा मिनिटांनी आजचा दिवस गेला असं वाटतं. त्याऐवजी रोज हमखास घडणाऱ्या गोष्टीला व्यायाम जोडा: दात घासून झाले की बूट घालायचे, कामावरून आलो की बसायच्या आधी कपडे बदलायचे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी अशा ‘जर असं झालं, तर मी हे करेन’ धाटणीच्या ठरावांवर बरंच संशोधन केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त तडीस जातात. अडचणींसाठीही ते आधीच लिहा: ‘पाऊस असेल तर जिन्यावर दहा मिनिटं’, ‘बैठक लांबली तर जेवणाआधी छोटा व्यायाम’.

सकाळ चांगली की संध्याकाळ, या वादात फार अडकू नका. दुपारनंतर शरीराचं तापमान थोडं जास्त असल्याने अंग मोकळं वाटतं आणि ताकदही जरा जास्त लावता येते. सकाळी मध्ये येणारी कामं कमी असतात. तुमच्या वहीतल्या सात ओळी सांगतील ती वेळ घ्या. फक्त भरपेट जेवणानंतर दीड-दोन तास जोराचा व्यायाम नको, झोपायच्या तासभर आधी धाप लागेल असं काही नको, आणि झोप तोडून व्यायाम नको. पाच तासांच्या झोपेवर पहाटे उठून केलेला व्यायाम पंधरा दिवसही टिकत नाही.

एकाच व्यायामाचे तीन आकार

सगळ्या आखणीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तुमच्या व्यायामाचे तीन आकार आधीच कागदावर लिहा.

पूर्ण: 35 ते 40 मिनिटं. पाच मिनिटं वॉर्म-अप, ठरलेला व्यायाम, शेवटी दोन-तीन मिनिटं हळू चालणं.

अर्धा: 20 मिनिटं. तोच व्यायाम, सेट (एका दमात केलेल्या वेळांचा गट) अर्धे.

किमान: 8 मिनिटं. तीन हालचालींचा एकेक सेट आणि उरलेला वेळ जागच्या जागी किंवा जिन्यावर चालणं. कपडे बदलायची गरज नाही.

किमान आकार इतका छोटा हवा की ताप नसलेल्या कुठल्याही दिवशी तो टाळायला कारणच सापडू नये. आता आधीच नियम ठरवा: झोप पाच तासांपेक्षा कमी झाली किंवा घरी यायला रात्रीचे नऊ वाजले, तर किमान. अंग जड आहे पण वेळ आहे, तर अर्धा सुरू करा आणि दहा मिनिटांनी ठरवा. हे आधी ठरवायचं कारण असं, की थकलेल्या माणसाला त्या क्षणी ‘किती करू?’ असं विचारलं तर उत्तर ‘उद्या’ हेच येतं.

आठवड्याचा सांगाडा असा ठेवता येईल: सोमवारी आणि गुरुवारी ताकद, मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी चालणं, बाकी दिवस मोकळे. ताकदीच्या दोन दिवसांमध्ये निदान 48 तास जाऊ द्या. ओढाताणीच्या आठवड्यात यातले दोन दिवस किमान आकारात झाले तरी आठवडा जमेस धरा.

घरचा ताकदीचा व्यायाम

पाच हालचाली पुरतात: खुर्चीवरच्या बैठका, टेबलावरचे पुश-अप, पाठीसाठी कमरेतून वाकून पुस्तकं भरलेली सॅक पोटाकडे ओढणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, आणि प्लँक (पालथं होऊन कोपरं आणि पायाची बोटं टेकवून अंग सरळ धरणं). प्रत्येकी 8 ते 12 वेळा, प्लँक 15 ते 30 सेकंद. असे दोन सेट, मध्ये 60 ते 90 सेकंद विश्रांती. अजून दोन-तीन वेळा नीट जमलं असतं असं वाटेल तिथे सेट थांबवा. पार दमेपर्यंत करण्याची सुरुवातीला काही गरज नाही. त्याने फक्त दुसऱ्या दिवशीचं दुखणं वाढतं.

पाचही हालचालींत बैठकीवर जास्त वेळ घालवा, कारण चुका तिथेच जास्त होतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा म्हणजे मागे सरकणार नाही. पाय एकमेकांपासून खांद्यांइतके लांब, बोटं किंचित बाहेर. मनात तीन अंक मोजत कंबर मागे नेत खाली जा, खुर्चीला टेकलात न टेकलात तोच पूर्ण तळव्यावर जोर देऊन वर या. वर येताना श्वास सोडा. गुडघे पायाच्या बोटांच्याच दिशेने जायला हवेत. ते आत झुकत असतील, तर पाय थकलेत किंवा खुर्ची बुटकी आहे. खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. टाचा उचलल्या जात असतील, तर कंबर पुरेशी मागे जात नाहीये. शेवटच्या टप्प्यात धपकन बसलं जात असेल, तर तेवढ्या पट्ट्यात ताकद नाही. तिथेही उशीच कामाला येते, मग दर आठवड्याला ती पातळ करत जा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला टोचलं तर उंची वाढवून बघा, तरीही टोचत असेल तर ती हालचाल थांबवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

कंबर उचलताना मांडीच्या मागे पेटका आला तर टाचा नितंबांच्या जवळ घ्या. प्लँकमध्ये पोट खाली लोंबायला लागलं की सेकंद कितीही उरलेले असोत, थांबा. वजन उचलताना श्वास रोखून धरू नका. रक्तदाब असलेल्यांनी तर नक्कीच नाही.

वाढ कशी करायची

चालण्याचं गणित सोपं आहे. आठवड्यातून चार दिवस चालत असाल, तर पहिले दोन आठवडे 15 मिनिटं, आणि मग दर दोन आठवड्यांनी 5 मिनिटांची भर. अकराव्या-बाराव्या आठवड्यात 40 मिनिटांचे चार दिवस, म्हणजे 160 मिनिटं होतात. तीनच दिवस निघत असतील तर 50 मिनिटांपर्यंत जायला आणखी महिना लागेल, लागू द्या. ताकदीत आधी वेळा वाढवा: दोन्ही सेटमध्ये 12 वेळा दोन दिवस नीट जमल्या की वजन किंवा अवघडपणा थोडा वाढवून परत 8 वर या. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. वेग, वेळ आणि चढ एकाच आठवड्यात वाढवले, तर दुखलं की कशामुळे दुखलं ते कळत नाही.

सावकाश का? हृदय आणि दमसास काही आठवड्यांतच सुधारतात. पहिल्या महिन्यात ताकदही झपाट्याने वाढल्यासारखी वाटते, पण त्यात स्नायू वाढण्यापेक्षा मेंदू आणि नसांना ती हालचाल नीट जमू लागण्याचा भाग जास्त असतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि खुद्द हाडं मात्र कित्येक महिने घेतात. त्यामुळे चौथ्या ते आठव्या आठवड्यात दमसास वाढलेला असतो, उत्साह असतो, आणि नेमकी तेव्हाच नडगी, टाच किंवा गुडघा बोलायला लागतो. धावायचं असेल तर आधी 30 मिनिटं आरामात चालता यायला हवं. मग 1 मिनिट धावणं, 2 मिनिटं चालणं, अशा सहा-सात फेऱ्या, एक दिवसाआड.

कुठलं दुखणं चालेल, कुठलं नाही

नव्या व्यायामानंतर 24 ते 72 तासांत स्नायू ठणकतात. दोन्ही बाजूंना, पसरट, दाबल्यावर किंवा ताणल्यावर जाणवणारं आणि हालचाल केली की सैल होणारं हे दुखणं काळजीचं नाही. त्या दिवशी हलकं चाला. एकाच बाजूला, सांध्यात, बोटाने दाखवता येईल असं टोचणारं, सूज असलेलं, किंवा व्यायाम करताना वाढत जाणारं दुखणं मात्र थांबण्याचं आहे. आठवडाभराच्या विश्रांतीने उतरलं नाही तर दाखवून घ्या. छातीत दुखणं, जबड्यात किंवा हातात कळ जाणं, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक दम कोंडणं, यात वाट बघत बसू नका. व्यायाम तिथेच थांबवा आणि ताबडतोब वैद्यकीय मदत मागा. लघवीचा रंग काळपट-तपकिरी झाला, तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

खंड पडतो तेव्हा

21 दिवसांत सवय लागते, हे खरं नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 स्वयंसेवकांचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा 66 आला, आणि माणसागणिक तो 18 पासून 254 पर्यंत होता. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा व्यायामाला जास्त दिवस लागले. एखादा दिवस चुकल्याने सवयीची घडी विस्कटली नाही, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हणून चुकलेला दिवस भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. पुढचा ठरलेला दिवस तेवढा सोडू नका, किमान आकारात का होईना.

आठवडाभराच्या खंडाने शरीराचं फारसं काही जात नाही, थांबलात तिथूनच पुढे जा. दोन-तीन आठवडे गेले तर धाप लवकर लागेल, ताकद बरीचशी शिल्लक असेल. पहिला आठवडा आधीच्या निम्म्यावर करा, दुसरा पाऊणवर. महिन्याहून जास्त खंड पडला असेल, तर 15 मिनिटांपासून परत सुरुवात करा. या वेळी चढण लवकर होते. ताप किंवा छातीत कफ असताना व्यायाम बंद. ताप गेल्यावर दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि किमान आकाराने सुरू करा.

पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी गाडी अडत असेल, तर वही उघडा. बुधवार सतत चुकतोय? मग बुधवार बदला. वॉर्म-अपपर्यंत पोहोचताच येत नाही, कारण बूट सापडत नाहीत? बूट रात्रीच दारात काढून ठेवा. सुरू होतं पण अर्ध्यातच कंटाळा येतो? बहुतेक वेळा जोर जास्त लागतोय, चाल थोडी कमी करून बघा. सगळं होतंय पण मनच लागत नाही? प्रकार बदला, वेळ तीच ठेवा, कारण ठरलेल्या वेळी उठणं हा सवयीतला अवघड अर्धा भाग तुमच्याकडे तयार आहे.

वहीत रोज एवढंच लिहा: तारीख, कुठला आकार, 0 ते 10 मध्ये किती जड गेला. सरासरी 4 ते 6 असू द्या. सलग तीन नोंदी 8 किंवा वर गेल्या, तर पुढचा आठवडा अर्ध्या आकाराचा. सलग तीन नोंदी 3 किंवा खाली आल्या, तर भर घालायची वेळ झाली. सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याची चारही मोजमापं परत घ्या, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर, त्याच रस्त्यावर. खुर्चीवरून उठण्याचा आकडा वाढला पण चालण्याचं अंतर तेवढंच राहिलं, तर पुढच्या तीन महिन्यांत चालण्याचा एक दिवस वाढवा. उलटं झालं असेल, तर ताकदीचा तिसरा दिवस घ्या.